निविदा नामंजूर झाल्यावर त्याची कारणे कशी मागावीत

कोल्हापुरात जिल्हा परिषद, महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महावितरण यांच्याकडे निविदा भरणाऱ्यांत रस्ते-गटारींची कामे करणारे नोंदणीकृत कंत्राटदार आहेत, मजूर सहकारी संस्था आहेत, तसेच ओतकामाचा माल पुरवू पाहणारे शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदारही आहेत. काम दुसऱ्याला मिळाले की यांपैकी अनेक जण बयाणा रक्कम परत आली का, एवढे पाहतात आणि पुढच्या निविदेच्या तयारीला लागतात. आपली निविदा नेमकी कशात कमी पडली, हे ठरवणाऱ्या कार्यालयाकडूनच समजून घेता येते. मात्र त्यासाठी वेळेत, लेखी आणि स्वतःच्या निविदेपुरते विचारावे लागते.

अमेरिकेत संघराज्य सरकारच्या स्पर्धात्मक प्रस्तावांच्या खरेदीत ही पद्धत नियमानेच बांधलेली आहे. निकालाची सूचना मिळाल्यापासून 3 दिवसांत लेखी मागणी केल्यास खात्याने शक्यतो 5 दिवसांत त्या निविदाकाराला त्याच्या प्रस्तावातील ठळक उणिवा आणि निवडीमागची कारणे सांगायची असतात. आपल्याकडे कारणे मागण्याचा आधार एका जागी नाही, पण तो आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू असलेल्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 173 नुसार, निविदाकाराने विचारणा केल्यास निविदा फेटाळण्याची कारणे सांगणे आवश्यक आहे. राज्य सरकारची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याबाबत माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मधील कलम 4(1)(घ) उपयोगी पडते. प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तींना द्यावीत, असे ते सांगते.

पहिली पायरी संगणकासमोरच करायची आहे. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर आपल्या खात्यातून त्या निविदेची स्थिती उघडावी आणि तांत्रिक मूल्यांकनाचा गोषवारा, आर्थिक (म्हणजे दरांच्या) लिफाफ्याचा तुलनात्मक तक्ता, तसेच काम दिल्याची नोंद यांपैकी जे दिसेल ते त्याच दिवशी उतरवून ठेवावे. आपण तांत्रिक (म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या) लिफाफ्यातच अपात्र ठरलो की पात्र ठरून दरात मागे राहिलो, हे येथे स्पष्ट होते. दरात मागे राहिलो असू, तर विचारण्यासारखे थोडेच उरते. तांत्रिक लिफाफ्यात अपात्र ठरलो असू आणि आर्थिक लिफाफे अजून उघडायचे असतील, तर एक दिवसही दवडू नये, कारण दर उघडण्यापूर्वी चूक दुरुस्त करणे कार्यालयाला तुलनेने सोपे असते. जेम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरील निविदेत तांत्रिक अपात्रतेवर हरकत घेण्याची मुदत फारच थोडी असते, म्हणून तेथे रोज पाहावे लागते.

दुसरी पायरी म्हणजे निविदा सूचना, नंतर निघालेली सर्व शुद्धिपत्रके आणि आपण प्रत्यक्ष अपलोड केलेली कागदपत्रे समोरासमोर ठेवून तपासणे. ही पायरी वगळून कार्यालयात गेल्यास बोलणे पहिल्याच प्रश्नावर थांबते. बांधकामाच्या निविदांत विशेष लक्ष निविदा क्षमतेच्या, म्हणजे कंत्राटदार आणखी किती रकमेचे काम घेऊ शकतो याच्या हिशेबाकडे द्यावे. अनेक निविदांत ही क्षमता (अ × न × 2) − ब या सूत्राने काढतात: अ म्हणजे गेल्या 5 वर्षांपैकी एका वर्षात केलेल्या कामांची सर्वाधिक रक्कम, न म्हणजे या कामाला दिलेली मुदत वर्षांत, आणि ब म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करायची हातातील उरलेली कामे. मुदत 6 महिन्यांची असेल तर न हा 0.5 धरला जातो, त्यामुळे 3 कोटींचे अ असलेल्या कंत्राटदाराची ब वजा करण्यापूर्वीची क्षमता 3 कोटीच भरते. हाती दीड कोटीची कामे असतील, तर 2 कोटींच्या कामासाठी तो अपात्र ठरतो. ब च्या तक्त्यात दुसऱ्या विभागाकडील चालू काम दाखवायचे राहिले आणि छाननीत ते आढळले, तर प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा आक्षेपही येऊ शकतो. म्हणून हा तक्ता पत्र लिहिण्यापूर्वी पुन्हा मांडून पाहावा.

त्यानंतर पत्र. ते निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे बहुधा कार्यकारी अभियंत्याच्या नावे असावे, एका पानापेक्षा मोठे नसावे आणि त्यात निविदा क्रमांक, कामाचे नाव व निकालाची तारीख असावी. मजकूर साधारण असा ठेवता येईल: “उपरोक्त निविदेत आमची निविदा अपात्र ठरविण्यात आली आहे. निविदेतील कोणत्या अटीची पूर्तता झाली नाही आणि त्यासाठी आमचे कोणते कागदपत्र अग्राह्य धरले, हे कृपया लेखी कळवावे, तसेच चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.” पत्र आवक शाखेत देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी आणि तेच ई-मेलनेही पाठवावे. पत्रात कोणावरही आरोप करू नये. आरोपाचे पत्र तक्रार म्हणून वेगळ्या वाटेने जाते आणि कारणे मिळणे लांबते.

भेटीची वेळ मिळाल्यास ज्याने निविदा प्रत्यक्ष भरली ती व्यक्ती बरोबर असावी. ठेकेदाराने एकट्याने जाऊन साहेबांशी बोलण्यापेक्षा कागद माहीत असलेला माणूस समोर असणे कितीतरी उपयोगाचे ठरते, असे माझे ठाम मत आहे. कोणती अट, कोणते पान, कोणता कागद आणि तो कसा असता तर चालला असता, एवढेच विचारावे. दुसऱ्याच्या दराचे पृथक्करण किंवा त्याची कागदपत्रे या भेटीत मागू नयेत. घरी आल्यावर त्याच दिवशी चर्चेचे मुद्दे ई-मेलने कार्यालयाला कळवावेत, म्हणजे झालेल्या बोलण्याची नोंद राहते.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, विषय एकच आणि मजकूर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण 150 शब्दांत हवा. त्यात छाननी समितीचे इतिवृत्त, आपल्या निविदेवरील शेरे आणि तुलनात्मक तक्ता यांच्या प्रती मागाव्यात. मुदत 30 दिवसांची असते. स्पर्धकाच्या कागदपत्रांबाबत त्याला नोटीस द्यावी लागली तर ती 40 दिवसांपर्यंत जाते आणि व्यापारी गुपिताच्या कारणाने तो भाग नाकारलाही जाऊ शकतो. पहिले अपील 30 दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे, तर दुसरे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे करता येते. एवढ्या काळात काम सुरू झालेले असते, त्यामुळे हा मार्ग पुढच्या निविदेच्या अभ्यासासाठी चांगला आहे, चालू निर्णय थांबवण्यासाठी नाही.

जागतिक बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या आणि तिचे खरेदी नियम लागू असलेल्या प्रकल्पात मात्र हे घड्याळ वेगळे आहे. तेथे काम देण्याच्या इराद्याची सूचना निघाल्यावर सामान्यतः 10 कामकाजाच्या दिवसांचा थांबा असतो, 3 कामकाजाच्या दिवसांत स्पष्टीकरण मागायचे असते आणि ते 5 कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ती सूचना आली की तारखा लगेच लिहून ठेवाव्यात.

मिळालेल्या कारणांत कार्यालयाचीच चूक दिसली, उदाहरणार्थ अपलोड केलेले प्रमाणपत्र नाही असे धरले गेले, तर कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी पुराव्यासह निवेदन द्यावे आणि त्याची प्रत वरिष्ठ कार्यालयाला पाठवावी. न्यायालयाचा विचार यानंतरच करावा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच बसत असल्याने मुंबईची खेप आता वाचते. परंतु टाटा सेल्युलर प्रकरणातील 1994 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की न्यायालय निर्णय घेण्याची प्रक्रिया तपासते, निविदांचे मूल्यमापन नव्याने करत नाही. मनमानी किंवा दुर्हेतू दाखवता येत असेल आणि सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच हस्तक्षेपाची आशा धरावी. वकिलांकडे जाताना पोच असलेले पत्र, भेटीनंतरचा ई-मेल आणि संकेतस्थळावरून उतरवलेले तक्ते तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत.