मिरगाच्या आधी छप्पर बांधून घ्या: वादळासाठीची आमच्या घरची यादी

अक्षय्य तृतीया झाली की आमच्याकडे श्रीवर्धनच्या बाजूला एकच घाई असते, लाकडं आत घ्या, आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरा, कौलं चाळून घ्या, आणि हे सगळं वर्षानुवर्षं आपण करतो ते पावसासाठी. घर गळू नये एवढाच हिशोब. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, मिरगाला चार दिवस बाकी असताना, आणि त्या दुपारी कळलं की गळणं वेगळं आणि उडणं वेगळं. पाणी वरून येतं म्हणून आपण छपराच्या वरच्या अंगाकडे बघतो, वारा मात्र छपराला वरून ओढतो आणि पडवीतून, उघड्या दारातून आत शिरून खालून ढकलतो पण. त्यामुळे वादळाची तयारी म्हणजे छप्पर खाली धरून ठेवायची तयारी. कौल रिपेला, म्हणजे त्याच्या खालच्या आडव्या लाकडी पट्टीला, धरलेलं पाहिजे, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला. यातली एक जागा सुटली की तिच्या वरचं सगळं जातं. माझी यादी म्हणूनच खालून वर जाते.

पण त्याआधी तारीख. सुताराला आणि कौलं चढवणाऱ्या गड्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवा, कारण मे संपत आला की सगळा गाव त्यांच्याच मागे असतो. आणि जूनपर्यंत वेळ आहे असं अजिबात धरू नका, तौक्ते २०२१ मध्ये १५-१६ मेलाच आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, सिंधुदुर्ग रत्नागिरीत किती घरांची कौलं गेली ते आपण बघितलंय. मी १० मे ही शेवटची तारीख धरते. अजून एक, अरबी समुद्रात वादळं पावसाळ्यानंतरही होतात, फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, म्हणून दसऱ्याच्या सुमारास परत एकदा नजर फिरवायची.

आता लाकूड. भर दुपारी माळ्यावर चढायचं, हातात टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर. दुपारी अशासाठी की बाहेर ऊन असलं की आत अंधारात बारीक फट पण चमकते, कुठलं कौल सरकलंय ते लगेच दिसतं, तिथे खालून खडूने रिपेवर खूण करून ठेवायची. मग प्रत्येक वाशाचं वळचणीकडचं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचं, टोक तपासायचं, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते, पागोळ्यांचं पाणी उलटं चढतं ना. स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा, चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. आमच्या मागच्या पडवीचा एक वासा वरून ठणठणीत दिसत होता, रंग पण चांगला, आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर मागोमाग लाकडाचा नुसता भुगा. वाळवीची मातीची बारीक रेघ भिंतीवरून चढलेली होती, ती मी वर्षभर झाडूने पुसत होते आणि विसरत होते. अशी रेघ दिसली तर पुसू नका, ती कुठे जाते ते बघा.

वासे चांगले असले तरी बऱ्याच जुन्या घरांत ते नुसते टेकलेले असतात, एखादा खिळा असतो, बाकी छपराच्या वजनावर भिस्त. तिथे लोखंडी पट्टी मारून घ्यायची, फॅब्रिकेशनवाला करून देतो, वाशावरून उलटी यू सारखी घालून दोन्ही बाजूंनी भिंतीवर खाली आणायची. भिंत चिऱ्याची आणि दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, मातीच्या असतील तर पट्टी फक्त वरच्या थराला ठोकून काही होत नाही, तो एक चिराच वाशाबरोबर उचलला जातो, तीन-चार थर खालपर्यंत उतरवायला सांगा. भिंतीवर काँक्रीटचा बीम असेल तर काम सोपं, बोल्ट त्यातच मारायचे. सगळ्या वाशांना करणं परवडत नसेल तर निदान चारी कोपरे आणि पडवीचे वासे तरी कराच, पडवी तीन बाजूंनी उघडी असते आणि वारा आधी तिलाच धरतो.

मग कौलं. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं, आपल्याला वाटतं एवढं जड काय उडणार, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि निसर्गमध्ये वारा ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. कौल उलटं करून बघा, बऱ्याच कौलांना मागे रिपेत अडकायचे जे कान असतात त्यातल्या एकाला बारीक भोक असतं. ते तार ओवून कौल रिपेला बांधायलाच दिलेलं असतं. आमच्या घरावर इतकी वर्षं कौलं आहेत आणि एकाही भोकात तार नव्हती. आता वळचणीकडच्या तीन ओळी, आढ्याच्या, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कण्याच्या, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि कडेची कौलं सगळी बांधलीत, मधल्या भागात एक सोडून एक, कारण ओढ सगळ्यात जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. तार जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, घ्या, बांधकामावरची काळी बाइंडिंग वायर खाऱ्या हवेत एका पावसात गंजते. आढ्यावरचे कोने, म्हणजे तिथली गोलसर कौलं, बोटाने वाजवून बघायचे, खालचं सिमेंट सुटलं असेल तर पोकळ आवाज येतो, ते काढून नवीन मालात बसवायचे. उजेडासाठी घातलेलं काचेचं कौल पण बघून घ्या, तडा गेलेला असला तर आत्ताच बदला. आणि दोनेकशे कौलं, दहा-पंधरा कोने घराच्या मागे रचून ठेवा, त्याच साच्याची, कारण वेगळ्या कारखान्याचं कौल शेजारच्या कौलात नीट बसत नाही आणि वादळानंतर कौल आणि पत्रा कुठेच मिळत नाही, मिळालं तर तिप्पट भावाने.

पत्र्यांबद्दल जरा जास्त लिहिते कारण निसर्गनंतर पुष्कळ लोकांनी कौलं काढून पत्रे घातले, कौलांची कटकट नको म्हणून. पत्रा हलका आहे, म्हणजे त्याला धरून ठेवायची गरज कौलापेक्षा जास्तच. आमच्या पुढच्या पडवीचे चार पत्रे त्या दिवशी गेले, एक समोरच्या वाडीत माडाला गुंडाळलेला सापडला. हुक वरून चांगले दिसत होते पण वायसरच्या खाली, जिथे पाणी मुरतं, तिथे गंजून खिळ्याएवढे बारीक झाले होते. म्हणून प्रत्येक ओळीतला एक तरी हुक खोलून बघायचा, नुसतं वरून बघून सोडायचं नाही. रबराचं वायसर कडक होऊन चिरलेलं असेल तर बदला, भोक पत्र्याच्या उंचवट्यावरच पाडा, खोलगट भागात पाडलं की गळणारच. कडेच्या आणि वळचणीच्या पत्र्यांना मधल्यांपेक्षा दुप्पट स्क्रू मारून घ्या, आणि पत्रा वळचणीबाहेर फार लांब काढू नका, वीतभर पुरतो, फूट-दोन फूट लोंबता ठेवला की वाऱ्याला धरायला मूठ मिळते. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर थेट पाय अजिबात नको, फळी टाकून, खालचा पाईप जिथे आहे त्या रेषेवरूनच चाला, पत्र्यातून खाली पडून माणसं गेलीत.

स्लॅबचं घर म्हणजे काळजी नाही असं समजणाऱ्यांनी वर जाऊन गच्चीवरची शेड बघावी. गळती थांबावी म्हणून स्लॅबवर चार पाईप उभे करून पत्रे टाकलेले असतात, चारी बाजू उघड्या, म्हणजे वाऱ्याला दोन्हीकडून मोकळं रान. पाईपाच्या खालची प्लेट स्लॅबला बोल्टने धरलीय का नुसती सिमेंटच्या गोळ्यात उभी आहे ते बघा. पाईप खालून ठोकून बघा, तळाशी गंजलेला असेल तर आवाज बद्द येतो. ही शेड उडाली तर आपलं घर वाचतं पण शेजाऱ्याचं जातं, म्हणून मला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्लॅबची पाण्याची भोकं मोकळी करा, टाकी भरून ठेवा, रिकामी टाकी गडगडत जाते. सोलर आणि डिशचे बोल्ट आवळून घ्या.

झाडं. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या मेच्या सुरुवातीलाच उतरवा, माडावरच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ काढून घ्या. वाकलेला माड घराकडे झुकलेला असेल तर मन घट्ट करून निर्णय घ्यायला लागतो, सासऱ्यांनी लावलेला माड तोडताना मला पण फार जड गेलं. विजेच्या तारांजवळच्या फांद्यांना स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा.

घरात एवढं असू द्या, एक जाड मोठी ताडपत्री, नायलॉनची दोरी, वाळू भरलेल्या आठ-दहा गोण्या, जीआय तार, पक्कड, थोडे स्क्रू वायसर. गोण्या छपरावर ठेवायला नाहीत हां, त्या नंतर ताडपत्री दाबायला, वादळात छपरावर सुटं वजन ठेवलं की तेच कुणाच्या तरी डोक्यात येतं. छपराचे आतून बाहेरून फोटो तारखेसकट काढून ठेवा, पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा आधी काय होतं ते दाखवता येतं.

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला की छपराचं काम बंद. तेव्हा शिडी लावायची नाही, राहिलं ते राहिलं. दारं खिडक्या सगळ्या घट्ट लावा, वारा निघून जावा म्हणून खिडकी उघडी ठेवायची असं जुनी माणसं सांगतात पण ते ऐकू नका, आत शिरलेला वाराच छप्पर उचलतो. दाराला आतून आडणा घाला. आणि मध्येच वारा एकदम पडला, ऊन आल्यासारखं वाटलं तर बाहेर पळू नका, तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, आणि पहिल्या वाऱ्यात ढिली झालेली कौलं तेव्हा जातात. घर कच्चं असेल तर आदल्या दिवशीच शेजारच्या स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ज्यांची घरं गावाला बंद आहेत आणि माणसं मुंबई-पुण्याला, त्यांनी मेच्या सुरुवातीला आंबे खायला येता तेव्हाच दोन दिवस याला द्या. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि किल्लीबरोबर ताडपत्री कुठे आहे, जादा कौलं कुठे रचलीत, मीटरचा मेन स्विच कुठला हे त्यांना एकदा हाताला धरून दाखवून जा.