हाताने प्लॅन काढायचाय? आधी रेष नीट ओढायला शिका

कॉम्प्युटरवर सगळं होतं हे खरंच, पण एक तरी प्लॅन हाताने पूर्ण काढून बघा, कारण प्रत्येक रेष ओढायच्या आधी ही भिंत आहे की पायरीची कड हे ठरवावंच लागतं आणि डिझाइन तिथेच डोक्यात पक्कं होतं.

सगळ्यात आधी सेटस्क्वेअर, म्हणजे काटकोनाची त्रिकोणी पट्टी, तपासा. टी-स्क्वेअरला (बोर्डावर आडवी ठेवायची टी आकाराची पट्टी) टेकवून उभी रेष मारा, मग सेटस्क्वेअर उलटा करून त्याच बिंदूतून परत मारा. दोन्ही रेषा एकावर एक बसल्या तर काटकोन बरोबर. नाही बसल्या तर तो सरळ बाजूला ठेवा.

शीट टी-स्क्वेअरला समांतर लावून चारही कोपऱ्यांना मास्किंग टेप. स्केल १:५० घेतलं तर ३ मीटरची खोली कागदावर ६० मिमी येते. मापं स्केलपट्टीवरून टिंबांनी उतरवायची, तिच्या कडेने रेषा मारू नका, खुणा झिजतात.

पहिल्या रेषा २एच किंवा ४एच अशा कडक पेन्सिलने, अगदी फिकट, कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून गेल्या तरी चालतं. सगळं नीट बसलंय याची खात्री झाली की मग त्याहून मऊ अशा एचबीने गडद करा. पेन्सिल ओढायची, ढकलायची नाही, आणि ओढता ओढता बोटांत हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि रेष शेवटपर्यंत सारख्याच जाडीची येते. सुरुवातीला हात अवघडतो, पण माझ्या मते खरं कसब इथेच आहे, यावर भरपूर वेळ घालवा. रेषेच्या दोन्ही टोकांना किंचित जास्त दाब दिला की कोपरे एकदम ठसठशीत दिसतात.

ट्रेसिंग पेपरवर इंकिंग करताना, म्हणजे शाईने रेषा काढताना, कापलेल्या (प्लॅनच्या आडव्या छेदात येणाऱ्या) भिंतींना ०.५ मिमीचं पेन, दारं-खिडक्या आणि पायऱ्यांना ०.२५, मापांच्या आणि फरशीच्या रेषांना ०.१३. मधे ०.१८ आणि ०.३५ पण मिळतात. प्रत्येक जाडी आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट असते, आणि ए१ शीट ए२ वर लहान करतानाही तेच प्रमाण लागतं, त्यामुळे ०.५ ची रेष बरोबर ०.३५ ची होते, किती सुंदर हिशोब आहे बघा!

पेन जवळजवळ उभं धरा. पट्टीची कड कागदापासून थोडी उचललेली हवी, नाहीतर शाई खाली ओढली जाऊन डाग पडतो. वरून खाली काम करत या, ओल्या रेषेवर हात जात नाही. आणि थांबलात की टोपण लगेच लावा, बारीक निबमध्ये शाई पटकन सुकते.