व्हर्जिनियात काउंटी प्लॅनर म्हणून लागताय? डेटा सेंटरच्या फायलीत आधी जाहिरातीच्या तारखा बघा

मास्टर्स संपवून इकडे अमेरिकेत एखाद्या ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) लागणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी लिहितेय. झोनिंग, सेटबॅक वगैरे तुम्हाला येतं, ते शिकवत बसत नाही. मला जे येत नव्हतं आणि ज्यापायी पहिल्याच वर्षी माझी झोप उडाली तेवढंच सांगते.

लाउडन काउंटीतल्या ॲशबर्नकडे, जिथे डेटा सेंटरांची गर्दी आहे, जमीन महाग झाली, विजेची ओढाताण सुरू झाली, तसे डेटा सेंटरवाले गाईगुरांच्या काउंट्यांकडे वळले. तिथल्या जुन्या झोनिंग ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे जमीनवापराच्या नियमांत, बऱ्याचदा डेटा सेंटर हा शब्दच नसतो, मग अर्जदार ते गोदाम म्हणून बसवायला बघतो, म्हणून नकाशातला रंग नंतर, आधी व्याख्या आणि यूज टेबल (कुठल्या झोनमध्ये काय चालतं तो तक्ता) वाचा. मग बघा बाय-राइट आहे का, म्हणजे वेगळी मंजुरी न घेता तिथे ते बांधता येतं का. बाय-राइट असेल तर काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डापुढे सुनावणीच नाही, साइट प्लॅन नियमात बसला की मंजूर करावाच लागतो, शेजारी कितीही ओरडले तरी. लाउडन काउंटीने १८ मार्च २०२५ ला बाय-राइट काढलं, पण तोवर तिथे केवढं बांधून झालं होतं. दुसऱ्या काउंटीचा ऑर्डिनन्स कॉपी-पेस्ट करू नका, मला या शॉर्टकटचा मनापासून राग आहे, उपनगरासाठी लिहिलेलं अंतर आणि उंची कुरणाशेजारी चालत नाही.

आता माझी चूक. रिझोनिंगची (जमिनीचा झोन बदलण्याची) एक फाइल माझ्याकडे आली, कुरणाची जमीन, तिथे डेटा सेंटर. सुनावणी मंगळवारी. राज्याच्या कायद्याचं कलम १५.२-२२०४ सांगतं की सुनावणीआधी पेपरात दोनदा जाहिरात द्यायची. मी ज्यांच्या हाताखाली होते त्यांनी तोंडी सांगितलं, दुसरी जाहिरात आणि सुनावणी यात किमान पाच दिवस ठेव, झालं. तीस वर्षांचा अनुभव, मी कशाला कायदा उघडून बघतेय. आमचा पेपर साप्ताहिक, गुरुवारी निघणारा. मी मंगळवारच्या आधीचे दोन गुरुवार धरले, म्हणजे बारा दिवस आधी एक आणि पाच दिवस आधी एक.

पाच दिवसांचा नियम जुना होता. नव्या नियमात पहिली जाहिरात २८ दिवसांपेक्षा आधी नको आणि दुसरी किमान ७ दिवस आधी छापून यायला हवी. पाच दिवस म्हणजे नापास. हे नीट समजून घ्या, कारण पेपर रोजचा असता तर दोन दिवस मागे सरकून सुटलो असतो, पण साप्ताहिकात एक गुरुवार हुकला की हातात आठवडाच जातो. मंगळवारच्या सुनावणीला धरायचे गुरुवार म्हणजे १९ दिवस आधीचा आणि १२ दिवस आधीचा, सर्वात जवळचा गुरुवार विसरायचा. आणि त्या पेपरला मजकूर सोमवारी दुपारपर्यंत लागतो, म्हणजे पहिल्या जाहिरातीचा मजकूर सुनावणीच्या तीन आठवडे आधी तयार हवा, आणि त्याच दिवशी नकाशे आणि कागद लोकांना बघायला ठेवलेले हवेत, कारण ते कुठे बघायला मिळतील हे जाहिरातीत लिहावं लागतं.

काउंटी ॲटर्नीच्या, म्हणजे काउंटीच्या वकिलाच्या, हे शुक्रवारी दुपारी लक्षात आलं. सुनावणी रद्द, पुढच्या महिन्यात. आम्ही फोन केले, दारावर कागद लावला, तरी मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलबाहेर लोक आलेच. एक आजी होत्या, त्यांचं कुंपण त्या जमिनीला लागून. तीन मिनिटांचं भाषण त्यांनी पशुखाद्याच्या पावतीच्या पाठीवर लिहून आणलेलं, पेन्सिलीने, काही ओळी खोडून परत लिहिलेल्या. त्यांना परत जा म्हणून मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पावतीची घडी घालून खिशात ठेवली.

तेव्हा वाटलं गेली नोकरी. गेली नाही. सुनावणीआधी सापडलेली चूक महिनाभर खाते, बस्स. नंतर सापडली तर काय होतं ते प्रिन्स विल्यममध्ये बघा. डिजिटल गेटवे, मॅनॅससच्या रणभूमीला लागून २,१०० एकरांच्या वर, डिसेंबर २०२३ मध्ये सत्तावीस तास सुनावणी चालली, रात्रभर लोक बोलले, मग मतदान होऊन मंजुरी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट कोर्टाने ती मंजुरी रद्द ठरवली, आणि कारण आवाज नाही, पाणी नाही, जाहीर सूचना नीट दिली नव्हती हे. एवढ्या मोठ्या काउंटीचं हे झालं तर आपण कोण.

सीनियरांबद्दल आदर ठेवा, पण त्यांच्याकडून माणसं शिका, कुठला सुपरवायझर (बोर्डाचा सदस्य) कशावर अडतो, कुठल्या शेतकऱ्याशी आधी बोलावं. आकडे त्यांच्याकडून घेऊ नका. व्हर्जिनियात नवे कायदे बहुतेक १ जुलैला लागू होतात, त्या आठवड्यात हे कलम स्वतः वाचा. आपल्याकडच्या हरकती-सूचनांची सवय असेल तर लोक पेपरातली सूचना वाचत नाहीत असं वाटेल. इथे गावातले लोक वाचतात, आणि विरोधकांचा वकील तर आधी तेच वाचतो.

शेजाऱ्यांना सुनावणीची जी पत्रं पाठवायची असतात त्यांतही असंच फसायला होतं. लागून असलेले मालक सगळे धरतात, रस्त्यापलीकडचे राहतात, आणि जमीन हद्दीवर असेल तर शेजारच्या काउंटीतले मालकही येतात, जे तुमच्या जीआयएसच्या (संगणकातल्या नकाशाच्या) लेयरमध्ये दिसतच नाहीत. तिकडच्या ऑफिसला फोन करून यादी मागवा, देतात, चांगली माणसं असतात.

घाबरू नका, हे काम दोन-तीन फायलींत हातात बसतं. मी आता गुरुवारी सकाळी पेपर आला की आधी लीगल नोटिसांचं पान उघडते, आमची जाहिरात पार्सल नंबरासकट शब्दन् शब्द वाचते, आणि छापल्याचं अ‍ॅफिडेव्हिट पेपरकडून आलं की त्याच दिवशी फायलीत लावते.