वजन कुठे चढतंय, ते टेपने कसं ओळखायचं

नागपूरच्या महाल भागात माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. दिवसभर बायांची मापं घेते, म्हणून हक्कानं सांगते: वजनकाट्याआधी घरातला शिवणाचा टेप काढा.

माप सकाळी, काही खायच्या आधी घ्या. सलवारचा नाडा बांधता तिथे टेप लावू नका, तो बहुतेकींचा पोटाखाली असतो. कुशीत बोटं दाबून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेचं हाड शोधा, आणि दोन्हींच्या मधोमध टेप गुंडाळा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. ही कंबर. दुसरं माप सीटचं, म्हणजे नितंबांचं, जिथे घेर सगळ्यात जास्त तिथलं. पाळीच्या तोंडावर मापं घेऊ नका, अंगात पाणी धरलेलं असतं.

आता कंबरेला सीटने भागा. कंबर 32 आणि सीट 38 इंच असेल तर 0.84 येतात. बायांसाठी 0.85 पासून धोका धरतात. भारतीय बाईची नुसती कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी.

बांध्याचाही विचार करा. काहींच्या बरगडी आणि कमरेच्या हाडात जेमतेम दोन बोटं जागा असते. अशा आखूड धडाच्या बाईचं थोडं वजन वाढलं तरी पोट लगेच पुढे दिसतं. लांब धडाच्या तिच्या सख्ख्या बहिणीचं तेवढंच वाढूनही कळत नाही. हाडाची ठेवण उपासानं बदलत नाही, म्हणून आरशापेक्षा आकडा पाहा.

पाळी सुरू असते त्या वयात इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमुळे चरबी मांड्यांवर, सीटवर साठते. ती कातडीखालची, त्यामानाने कमी त्रासाची. पाळी जायच्या सुमारास, साधारण 45 ते 55 मध्ये, इस्ट्रोजेन उतरतं आणि चरबी पोटाकडे वळते. वजन तेवढंच असूनही सलवार मांडीत ढिली आणि कुर्ता पोटावर घट्ट, हे मी कायम बघते. यकृता-आतड्यांभोवती साठणारी ही चरबी मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका वाढवते.

तरुण पोरींचं मला जास्त लागतं. गळ्याचं माप घेताना मानेमागे काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. आया मळ समजून दगडानं घासायला लावतात, पोरगी शरमेनं ओढणी वर ओढते. बायांनो, घासू नका! शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ती खूण असू शकते. सोबत पाळी लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी जोडलेल्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या.

फक्त पोटाच्या व्यायामानं फक्त पोट उतरत नाही. अंबाझरी तलावावर रोज भरभर चाला, आठवड्यातून दोनदा डंबेल उचला. दर महिन्याला पाळीनंतर, पाळी गेली असेल तर एक तारीख धरून, दोन्ही मापं वहीत लिहा. वजन स्थिर असून कंबर वाढत राहिली, तर ती वही घेऊन मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत जा, आणि साखर, थायरॉइड तपासायचं का ते विचारा.