आवर्तन आणि बदकांचे अन्न : पाणथळीचा हिशेब कसा मांडावा

नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमाजवळचा नांदूर मधमेश्वर बंधारा गाळाने भरत गेला आणि त्या उथळपणामुळेच हिवाळी पक्ष्यांना तेथे ठाव मिळाला. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. तेथील पातळी मात्र सिंचनाच्या आवर्तनांनुसार, म्हणजे ठरावीक पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यानुसार, खाली-वर होते. एका आवर्तनाने बदकांचे किती दिवसांचे अन्न हाती येते वा हातचे जाते, ते असे काढावे.

पाणी स्थिर असताना होडीतून खुणांच्या काठीने जागोजागी खोली मोजावी; मोजपट्टीवरील त्या दिवशीच्या पातळीतून ती वजा केली की तळाची उंची मिळते. ती आणि रोजची पातळी यांवरून ऑक्टोबर ते मार्च या काळातील रोजचा खोलीचा नकाशा तयार होतो. तो सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांशी ताडून पाहावा. पाणकणसाखालचे पाणी उपग्रहाला नीट दिसत नाही, तेथे चिखल तुडवणे आलेच. नुसते जलक्षेत्र मोजणे फसवे असते. शेपटी वर करून मान बुडवणारे तलवार बदक साधारण ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच तळ चाळते. त्यामुळे तुडुंब भरलेला जलाशयही त्याच्यासाठी उपाशी ठरू शकतो.

हंगामाच्या आरंभी ठरावीक चौकटीतील वरचा गाळ चाळणीत धुऊन निघालेले पाणवनस्पतींचे बी, म्हणजेच बदकांचे अन्न, वाळवून तोलावे. हेक्टरी सुमारे ५० किलो बी उरले की बदके ती जागा सोडतात, असे धरण्याचा प्रघात आहे.

आता गरज. किलोतील वजनाच्या ०.७८५ व्या घाताला ४३३ ने गुणून तिप्पट केल्यास दिवसाची ऊर्जा किलोज्यूलमध्ये मिळते. ९०० ग्रॅमच्या बदकाला सुमारे १,२०० किलोज्यूल, म्हणजे ग्रॅमला १०.५ किलोज्यूल देणारे ११४ ग्रॅम कोरडे बी लागते. समजा, १०० हेक्टर उथळ क्षेत्रात हेक्टरी २५० किलो बी आहे; तर वापरता येणारे २० टन बी ५,००० बदकांना जेमतेम ३५ दिवस पुरेल.

हा हिशेब नकाशाच्या प्रत्येक चौकोनासाठी रोज पुढे न्यावा. खोल पाण्याखालचे बी शिल्लक धरावे, कारण पातळी हळूहळू उतरली तर तेच पुढे ताटात येते. मात्र पाणी झपाट्याने सोडल्यास चौकोन एकदम कोरडे पडतात, आणि त्यावर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातील पेरणी) झाली तर ते बी खात्यातून वगळावे लागते. सध्याचे वेळापत्रक आणि मंद उतार अशा दोन्ही शक्यतांसाठी हिशेब चालवून अन्न संपण्याच्या तारखा ताडाव्यात. पट्टकादंब हे हंस यात मिसळू नयेत. ते काठच्या शेतांतील हिरव्या पिकावर चरतात.