लूपर मोनो की स्टिरिओ : आधी हॉलचे स्पीकर पाहा

लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तो पुन्हा पुन्हा वाजवणारे, त्यावर नवे थर चढवू देणारे पेडल. सर्वसाधारण इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा सिग्नल मोनोच, म्हणजे एकाच वाटेचा असतो; स्टिरिओत डावी-उजवी अशा दोन वाटा असतात. डावी आणि उजवी बाजू वेगळी होते ती साखळीतल्या पहिल्या स्टिरिओ पेडलपाशी, म्हणजे बहुधा कोरस (सूर जाड करणारा), डिले (थोड्या वेळाने सुराची प्रत ऐकवणारा) किंवा रिव्हर्बपाशी (हॉलसारखी गुंज देणारा). त्यानंतर एक जरी मोनो पेडल आले, तरी पुढे पुन्हा एकच वाट उरते. म्हणून ओव्हरड्राइव्ह आणि कॉम्प्रेसर ही सहसा मोनो असणारी पेडल आधी लावावीत, आणि लूपर शेवटी ठेवायचा असेल तर त्याला दोन इनपुट व दोन आउटपुट आहेत ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. टीसी इलेक्ट्रॉनिकचा मूळ डिटो मोनो आहे, बॉसचा आरसी-५ स्टिरिओ.

मोनो लूपर डिलेच्या आधी लावला तरी स्टिरिओ टिकतो, कारण रेकॉर्ड झालेला कोरडा, म्हणजे डिले न लागलेला लूपच पुढे जाऊन दोन बाजूंना पसरतो. मात्र मग डिले बंद केला की आधीच्या थरांवरचाही डिले जातो, आणि मला तरी हे चालत नाही.

खरा प्रश्न कार्यक्रमाच्या जागेचा असतो. पुण्यात गणपतीच्या मंडपात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दोन स्पीकर दिसले, तरी मिक्सरवरून दोघांना एकच सिग्नल जात असल्याचे पुष्कळदा आढळते. कर्वे रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये साउंडवाल्या दादांनी विचारले, "डीआय एकच आहे, चालेल ना?" (डीआय म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी.) मी "चालेल" म्हणालो आणि घाईत उजव्या आउटपुटची केबल त्यात खुपसली. पिंगपाँग डिलेचे, म्हणजे डावी-उजवीकडे आळीपाळीने वाजणाऱ्या डिलेचे, प्रत्येक दुसरा ठोका गायब! चूक माझीच होती. ज्या जॅकवर 'लेफ्ट/मोनो' लिहिलेले असते तोच एकटा वापरायचा असतो. उजवा जॅक रिकामा असला की बहुतेक पेडल दोन्ही बाजू या डाव्या जॅकमध्ये एकत्र करून देतात. दोन आउटपुट वाय केबलने (दोन टोकांची एक करणाऱ्या केबलने) एकत्र बांधू नयेत, त्यासाठी मिक्सरच हवा.

एकत्र करतानाही सूर बिघडू शकतो. १० मिलिसेकंद उशिरा येणारी प्रत मूळ सुरात तितक्याच पातळीवर मिसळली, तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा वारंवारता कापल्या जातात आणि गिटार डब्यातून वाजल्यासारखी पोकळ ऐकू येते. १९७५ मध्ये आलेल्या रोलँडच्या जेसी-१२० अँपमध्ये मूळ सूर एका स्पीकरमधून आणि कोरसचा सूर दुसऱ्यातून येतो व दोन्ही हवेत मिसळतात. तेच वायरीत मिसळले की परिणाम बदलतो.

दोन अँप जोडल्यावर घूं असा आवाज आला, तर तो बहुधा अर्थिंगच्या वळशामुळे येतो. अशा वेळी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नये, एका अँपकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. टीआरएस (तीन संपर्कांचा) जॅक दिसला म्हणून तो स्टिरिओच असेल असे धरू नये, कारण बॅलन्स्ड मोनोलाही, म्हणजे खरखर कमी करण्यासाठी दोन तारांवरून नेलेल्या एकाच सिग्नललाही, तोच जॅक लागतो. खात्री मॅन्युअल पाहूनच करावी.

घरी चार थरांचा लूप रेकॉर्ड करून मिक्सरवर दोन्ही चॅनेलचे पॅन (डावी-उजवी ठरवणारी बटणे) मधोमध आणावेत. आवाज पातळ झाला, तर डिलेचे मिश्रण कमी करून तोच प्रीसेट (जपून ठेवलेली मांडणी) 'मोनो' या नावाने वेगळा जपून ठेवावा.