बर्फात गाडी चालवायची? आधी टायर, मग फोर-व्हील ड्राइव्ह

म्युनिकला गाडी घ्यायची म्हटलं की आपली मंडळी छातीठोकपणे सांगतात, "फोर-व्हील ड्राइव्ह घे, बर्फाची कटकटच मिटली!" मिटत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर डोळे झाकून चांगले विंटर टायर घ्या.

फोर-व्हीलमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. गाडी अडकत नाही, चढ चढते. पण ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना लागतो. थांबताना आणि वळताना कामाला येते ती रबराची पकड, आणि समर टायरचं, म्हणजे उन्हाळी टायरचं, रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं; विंटर टायरचं थंडीतही मऊ राहतं. उलट फोर-व्हील गाडी इतकी झोकात निघते, की रस्ता किती निसरडा आहे ते पहिला ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही.

घर डोंगरात, उभ्या चढावर असेल तर दोन्ही घ्या.

खरी मेख टायर पारखण्यात आहे. सेकंडहँड गाडीवर विंटर टायर "फुकट" मिळत असतील तर आधी संशय घ्या. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. नुसतं 'एम+एस' ('मड अँड स्नो', म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत विंटर टायर म्हणून चालत नाही. विकणारा काहीही सांगो. मग टायरच्या कडेवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा, ती टायर बनल्याची तारीख: '४३१९' म्हणजे २०१९चा ४३वा आठवडा. हे आकडे कधीकधी एकाच बाजूला, नेमके आतल्या अंगाला असतात. लाजू नका, मोबाइल गाडीखाली घालून फोटो काढा. सहा वर्षांपुढचा टायर मी तरी घेत नाही.

शेवटी २ युरोचं नाणं टायरच्या खाचेत उभं घाला, म्हणजे खाच किती खोल उरलीय ते कळेल. बाहेरची चंदेरी कड सुमारे ४ मिलिमीटरची असते. ती पूर्ण आत गेली पाहिजे. जर्मन कायद्याला १.६ चालतात, बर्फाला नाही. शिवाय सॉल्झबर्गला जायचं म्हणाल, तर ऑस्ट्रियात विंटर टायरला किमान ४ लागतातच.

आणि टायर चारही बदला. "इंजिन पुढची चाकं ओढतं, दोनच पुरे" म्हणणाऱ्याची गाडी वळणावर मागून फिरते.

गॅरेजची वेळ ऑक्टोबर लागायच्या आधीच घेऊन ठेवा. टायर बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या.